ताईच्या उंचीचा ओटा

३ मार्च, मंगळवार

आज नवं घर आतून पाहिलं आणि डोकं फिरलं. स्वयंपाकघरात ओटा एकच आहे.

मी दोन सांगितले होते. नकाशात दोन आहेत. बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर जे रंगीत चित्र लावलंय त्यातही दोन आहेत. मी या ओट्यांवरून त्या लोकांचं इतकं डोकं खाल्लंय की तिथला शिपाईसुद्धा झोपेत 'दोन ओटे, दोन ओटे' बरळत असेल. खिडकीखाली माझा, नेहमीच्या उंचीचा. समोरच्या भिंतीला ताईचा, वीतभर खाली. आणि समोरच्या भिंतीला आज काय दिसलं? कपाटं! जमिनीपासून छतापर्यंत फिकट हिरवी, गुळगुळीत कपाटं.

ताई माझी मोठी बहीण, पण उंचीने माझ्या खांद्याला लागते. आत्ताच्या भाड्याच्या घरातला ओटा तिच्या छातीशी येतो. बिचारी फळीवर उभी राहून भाजी चिरते आणि भांडी विसळते. नवं घर घ्यायचं ठरलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, बाकी काही होवो न होवो, ताईला तिच्या मापाचा ओटा मिळणार. टेप घेऊन तिला भिंतीशी उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजून घेतलं. ती म्हणत होती, "राहू दे गं छकुले, कशाला एवढं." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला छकुली म्हणणारी आता तीच एक उरली आहे.

साईटवर एक इंजिनिअर बाई असते. डोक्यावर कायम पिवळी टोपी, म्हणून मी तिचं नावच पिवळी टोपी ठेवलंय. तिला विचारलं, "हे काय?" तर टोपी काढून हातात फिरवत बसली. म्हणाली, "मावशी, ऑफिसात विचारून सांगते." ताई तेवढ्यात बाल्कनीत जाऊन उभी राहिली होती. मी ओरडले, "ताई, बघ काय करून ठेवलंय या लोकांनी!" तर तिथूनच म्हणाली, "कपाटं छान आहेत की."

हिच्या डोक्यावर कुणीही मिऱ्या वाटाव्यात आणि हिने छान वाटल्या म्हणावं. मी होते म्हणून निभावलं हिचं.

ताबा महिनाअखेरीस आहे. ताब्याच्या कागदावर सही माझी लागणार, कारण घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. तेही ताईच म्हणाली होती, "तुझंच नाव असू दे, मला कुठे त्या सह्यांच्या भानगडीत पाडतेस." ठीक. दुसरा ओटा उभा राहिल्याशिवाय सही नाही.

५ मार्च, गुरुवार

बिल्डरकडे जाऊन आले. हा गृहस्थ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'होऊन जाईल' म्हणतो. लिफ्ट कधी? होऊन जाईल. पाणी? होऊन जाईल. मी म्हटलं, साहेब, तुमचं सगळं होऊन जाईल आणि माझं आयुष्य निघून जाईल. ओट्याचं बोला.

त्याने साईटवर फोन लावला. बराच वेळ 'हं, हं' करत ऐकलं आणि मग मला म्हणाला, "मॅडम, बदल तुमच्याकडूनच सांगितला होता असं म्हणतायत."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझ्याकडून म्हणजे कुणाकडून? साईटवर जाते मी, भांडते मी. मी सांगितलं नाही. राहिली ताई. तिला दुकानदाराकडे सुटे पैसे परत मागायचीसुद्धा लाज वाटते, ती बिल्डरला काय बदल सांगणार? आपली चूक गिऱ्हाइकाच्या माथी मारायची, हा यांचा जुना धंदा.

एक गोष्ट मात्र कळत नाही. कपाटं फुकट कशी लावली? बिल्डर आणि फुकट? चूक झाकायला लावली असणार.

घरी येऊन ताईला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "त्या इंजिनिअर मुलीला फार बोलू नकोस हं." ही बाई उद्या चोराला पण घोंगडी देईल.

८ मार्च, रविवार

बांधाबांध सुरू केली. माझी खोली जवळजवळ आवरून झाली. ताईचं मात्र सगळं जिथल्या तिथे. पुस्तकं फळीवर, साड्या कपाटात, तिचा तो कुरूप लाकडी दिवा खिडकीत. मी खोकी आणून दिली तर म्हणाली, "तुझं होऊ दे आधी." लायब्ररीत बांधणी विभागात सगळी नोकरी गेली हिची. एका फाटक्या पुस्तकाला चार दिवस लावायची, सवय कशी जाणार.

आवरताना जुनं आठवलं. हे भाड्याचं घर मुळात ताईचं. आमचे हे गेले तेव्हा मी दोन महिन्यांसाठी म्हणून इथे आले, ती राहिलेच. बरं झालं आले. मी आले तेव्हा ताई एकटीच राहायची, आणि काय खायची, कधी खायची, देव जाणे. जेवताना ताटाशेजारी पुस्तक. कधी संध्याकाळी चारला जेवण, कधी जेवणच नाही. मी सगळ्याला शिस्त लावली. पुस्तक ताटाशेजारून उचललं, जेवणाच्या वेळा ठरवल्या, ओट्यावरचा पसारा माझ्या पद्धतीने लावला. आता बघा, प्रकृती कशी ठणठणीत आहे. माझ्यामुळे.

दुपारी घरमालकीण डोकावली. मी म्हटलं, "महिनाअखेर चाललो हो आम्ही. तुम्ही अजून जाहिरात नाही दिलीत?" तर ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "अं... ताई बोलल्या नाहीत का तुमच्याशी?" मी विचारलं, "कशाबद्दल?" तर म्हणाली, "नाही, रंगाचं. बोलतील त्या." आणि गेली. भाडेकरू निघाल्यावर भिंती कुठल्या रंगाच्या करायच्या हे आमच्या ताईला विचारणार! आळशी बाई. अशाने हिला नवीन भाडेकरू मिळायचाच नाही.

१० मार्च, मंगळवार

आज कँटीनमध्ये डोकं फुटायची वेळ आली. कारखान्याची दुपारची पाळी एकदम सुटते आणि सगळा लोंढा माझ्याकडे येतो. भात कच्चा राहिला. नव्या आचाऱ्याने झाकण दर दोन मिनिटांनी उघडलं होतं, मग वाफ राहणार कुठे? सगळ्यांसमोर झापलं त्याला. संध्याकाळी तो राजीनामा देऊन गेला. आजकालच्या लोकांना कुणी चांगल्यासाठी बोललेलं सोसत नाही.

रात्री ताई म्हणाली, "छकुले, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." मी म्हटलं, "आज नको गं, आज मी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही." ती म्हणाली, "बरं." ती अशी आहे म्हणून जमतं आमचं.

१४ मार्च, शनिवार

आमच्या कँटीनचा नळकाम करणारा सोबत घेऊन साईटवर गेले. म्हटलं, निदान हा तरी खरं सांगेल. त्याने एका कपाटाची मागची फळी काढायला लावली, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "बाई, या भिंतीत पाण्याची लाईनच नाही. निचऱ्याची पण नाही. इथे ओटा करायचा असं प्लॅस्टर व्हायच्या आधीच रद्द झालेलं दिसतंय."

म्हणजे चूक कालपरवाची नाही. भिंत उघडी होती तेव्हाची आहे, आणि भिंत उघडी होती ती गेल्या पावसाळ्यानंतर. तेव्हा कँटीनची तपासणी चालू होती म्हणून मी महिनाभर साईटवर फिरकले नव्हते. मीच ताईला पाठवत होते, 'जरा जाऊन बघून ये' म्हणून. तिला विचारलं, "तू गेलीस तेव्हा तुझ्या लक्षात कसं नाही आलं?" ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं." खरंच आहे. आंधळ्याला पाठवून रंग विचारायचा, चूक माझीच.

एक लिहायचं राहिलं. कपाटांचा सर्वांत खालचा कप्पा उघडून पाहिला. माझं सगळ्यांत मोठं पातेलं, जे आत्ताच्या घरात कुठेच मावत नाही आणि वर्षानुवर्षं माझ्या पलंगाखाली राहतं, ते त्यात उभं मावेल. झाकणासकट. चुकणाऱ्यांनी चूक तरी मोजूनमापून केली म्हणायची.

पिवळ्या टोपीला म्हटलं, "तुम्ही केलेली चूक आहे ही, आणि मी तुम्हाला सोडणार नाही." तिचे डोळे भरले. मला बरं वाटलं नाही, पण मी माघार घेतली नाही.

१७ मार्च, मंगळवार

होऊन जाईलचा फोन. गुरुवारी ऑफिसात या, फैसला करू. ताई म्हणाली, "मी येते." ही आपणहून कुठे येते म्हणाली तेव्हा मी थक्कच झाले. म्हटलं, चला, बहीण शेवटी बहिणीच्या पाठीशी उभी राहिली.

१९ मार्च, गुरुवार

हे कसं लिहू? लिहिते. नाही लिहिलं तर फुटेन.

ऑफिसात आम्ही दोघी, होऊन जाईल आणि पिवळी टोपी. टोपी आज डोक्यावर नव्हती. होऊन जाईलने घसा साफ केला आणि म्हणाला, "मॅडम, चूक आमच्या साईटची आहे. आम्ही कपाटं काढतो, लाईन टाकतो, ओटा करतो. आणि या बाईंना उद्यापासून कामावरून कमी करतो. झालं समाधान?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. चूक करणाऱ्याला कळलंच पाहिजे."

पिवळी टोपी मान खाली घालून उभी. मी मनात म्हटलं, बघा, चोर पकडला की बोलती बंद होते.

आणि ताई म्हणाली, "तिने काही केलेलं नाही."

मी म्हटलं, "ताई, तू मध्ये पडू नकोस."

"मी सांगितलं तिला. दुसरा ओटा नको, त्या जागी कपाटं कर म्हणून. कपाटांच्या पैशांचं मी बघितलं. तिला कुणी काढू नका."

मी हसले. खरंच हसले. वाटलं, ही मुलगी वाचावी म्हणून ताई खोटं बोलतेय. चोराला घोंगडी! म्हटलं, "अगं वेडे, दुसरा ओटा नको तर मग तू स्वयंपाक कुठे करणार?"

अख्ख्या ऑफिससमोर मी हे विचारलं. शिपाई चहाचे कप घेऊन आत आला होता, त्याच्यासमोर.

ताई म्हणाली, "आहे तिथेच."

मला कळायला वेळ लागला. होऊन जाईलला माझ्या आधी कळलं. तो खुर्चीतून उठून खिडकीकडे गेला, आणि मला त्याचा तेवढ्यासाठी जन्मभर राग येईल. परक्या माणसाने माझी लाज झाकायला पाठ फिरवावी!

आहे तिथेच. म्हणजे भाड्याच्या घरात. म्हणजे नव्या घरात ती येणारच नाही. म्हणजे पावसाळ्यापासून तिला हे माहीत आहे. मी फरशा निवडत होते, तिला दाखवत होते, "ताई, तुझ्या बाजूला ही निळी घालू का?", आणि ती "घाल की" म्हणत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चोर शोधत सगळ्या साईटवर हिंडले आणि चोर रोज माझ्यासमोर बसून माझ्या हातचं जेवत होता.

२० मार्च, शुक्रवार

काल रात्रभर भांडलो. म्हणजे मी भांडले.

मी विचारलं, कधी ठरवलंस? म्हणाली, "तू मला भिंतीशी उभं करून कोपर मोजलंस ना, त्या दिवशी."

मी विचारलं, कुणी माणूस आहे का? असेल तर सांग. मी काही जुन्या वळणाची नाही, समजून घेईन. तर ती हसायला लागली. "या वयात माणूस कुठून आणू? आणि आणून ठेवू कुठे?"

मग आजार? काही लपवतेस का? नाही. पैसे? नाही. घरमालकिणीने काही भरवलं का? नाही. उलट घरमालकिणीलाच हिने गळ घातली आहे म्हणे, मी गेल्यावर स्वयंपाकघराला पांढरा रंग द्या म्हणून.

मग का?

"मला एकटीला राहायचंय गं."

माझं काय चुकलं ते सांग, म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही." हेच मला सहन होत नाही. चूक सांगितली असती तर दुरुस्त केली असती. बिल्डरच्या चुकीमागे मी पंधरा दिवस पायपीट केली, माझी चूक असती तर मी तिला सोडलं असतं का? पण नाही. काही चुकलं नाही म्हणायचं आणि केसाने गळा कापायचा.

आणि सांगितलं का नाहीस? इतके महिने? तर म्हणाली, "तीनदा सांगायला आले. तू कामात होतीस." कामात! मी कँटीन चालवते, तुरुंग नाही. भेटीची वेळ घ्यावी लागत नाही माझी.

माझी सख्खी बहीण. बाहेरच्याने दगा दिला तर माणूस चार लोकांना सांगून मोकळं होतं. हे मी कुणाला सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कपडे पिशवीत भरले आणि मावसबहिणीकडे आले. दारातून निघताना ताई म्हणाली, "कधी येशील?" मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी. माझं सामान न्यायला."

२३ मार्च, सोमवार

मावसबहीण चांगली आहे, पण घर म्हणजे धर्मशाळा. कुणाला जेवायच्या वेळेचा पत्ता नाही. मी दोन दिवसांत स्वयंपाकघर लावून दिलं. तिने आभार मानले आणि आज बघते तर सगळे डबे परत जुन्या जागी.

विचार करून करून एक ठरवलं. ताई हट्टाने बोलली असेल. ओटा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला, त्याच्यावर हात टेकवून पाहिला, की तिचं मन बदलेल. तिला आयुष्यात स्वतःच्या मापाचं काही मिळालेलं नाही, म्हणून तिला त्याची किंमत कळत नाही. होऊन जाईलला फोन करून सांगितलं, कपाटं काढा, लाईन टाका, ओटा बांधा. तो म्हणाला, "मॅडम, पण तुमच्या ताई तर..." मी म्हटलं, "घर माझ्या नावावर आहे ना? बांधा." पहिल्यांदाच तो 'होऊन जाईल' म्हणाला नाही. "बरं" म्हणाला.

मावसबहीण ऐकत होती. म्हणाली, "अगं, तिला विचारलंस का?" मी म्हटलं, "विचारलं असतं तर नको म्हणाली असती." ती माझ्याकडे बघत राहिली. हिलाही ताईने फोन केलेला दिसतोय.

२७ मार्च, शुक्रवार

ओट्याच्या विटा उभ्या राहिल्या असा साईटवरून फोन आला. मला राहवेना. म्हटलं, उद्यापर्यंत कशाला थांबायचं, आजच जाऊन ताईला सांगू, तिला रिक्षात घालून साईटवर नेऊ. कँटीनमधून लवकर निघाले.

मागच्या बोळातून गेले. तिकडून स्वयंपाकघराची खिडकी लागते. खिडकी उघडी होती.

ताई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय लांब पसरून. चारचा सुमार, ना जेवणाची वेळ ना चहाची. शेजारी खाली वर्तमानपत्रावर तवा, आणि तव्यातूनच ती परतलेले बटाटे खात होती. चमच्यानेही नाही, बोटांनी. मांडीवर पुस्तक. पान उलटायला करंगळी वापरत होती, तेलाचा डाग पडू नये म्हणून. मग पुस्तकात काहीतरी आलं आणि ती हसली. तोंडात घास असताना, एकटीच, मोठ्याने. इतक्या वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिलेलं नाही. मला आधी वाटलं, घरात आणखी कुणीतरी आहे.

मी तिथे उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही. मग पुढे जाऊन दार वाजवायच्या ऐवजी मी खिडकीच्याच चौकटीवर टकटक केलं आणि हाक मारली, "ताई!"

ती दचकली. वर पाहण्याआधीच तिने पुस्तक पिठाच्या डब्यामागे सारलं. मग तवा उचलून ओट्यावर ठेवला, त्यावर झाकण टाकलं. फळीवरून ताट काढलं. पदराने तोंड पुसलं. मग खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, आलीस? मी आत्ता वाढूनच घेत होते."

साठी ओलांडलेली बाई. तिच्याच घरात. पुस्तक लपवत होती. माझ्यापासून.

आत गेले. तिने मलाही ताट वाढलं. दोघी जेवलो, चार वाजता. बटाटे थोडे जळले होते, मी काही बोलले नाही. जिभेवर आलं होतं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "ओट्याचं काय झालं मग?"

तिला न्यायला थांबवलेली रिक्षा बाहेर उभी होती. मी म्हटलं, "काही नाही. कपाटंच राहू देत असं सांगितलं."

तिने माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.

रिक्षात बसल्यावर खूप रडले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि मग रेडिओ बंद केला. मला तिचा राग आहे, आणि तो काही आजच्या बटाट्यांनी जायचा नाही. दुखणं सांगायचं नाही, तक्रार करायची नाही, वर्षानुवर्षं ताट पुढे ओढून माझ्या वेळेला जेवायचं, आणि मग एक दिवस गुपचूप भिंतीतली पाण्याची लाईन रद्द करायची. हे काय वागणं झालं? आधी सांगायचं.

पण आधी सांगितलं असतं तर मी तिला राहू दिलं नसतं. हे मला आज रिक्षात कळलं. तिला ते पावसाळ्यापासून माहीत होतं.

२८ मार्च, शनिवार

साईटवर गेले. विटांचा ओटा अर्धा झाला होता. मी त्याच्यापाशी उभी राहून पाहिलं, माझ्या मांडीच्या वर जरासा येत होता. पिवळ्या टोपीला म्हटलं, "पाडा. कपाटं परत लावा." तिने 'का' विचारलं नाही, नुसती मान हलवली. तिची नोकरी राहिली आहे. होऊन जाईलने तेवढं शहाणपण दाखवलं.

मी विचारलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी इतकं बोलले तुम्हाला."

म्हणाली, "मावशी, त्या म्हणाल्या होत्या, मी सांगेन, माझं मला सांगू दे. मग मी कसं बोलणार?" मग म्हणाली, "त्या सुतळी घेऊन आल्या होत्या. तुमच्या कुठल्यातरी मोठ्या पातेल्याचं माप. उंची झाकणासकट पाहिजे म्हणाल्या. दोनदा येऊन सुताराला समोर बसवून करून घेतला तो कप्पा."

मला वाटलं होतं, हे ऐकून माझा राग उतरेल. उलट चढला. मला सोडून जायची तयारी करताना बाई माझं पातेलं मोजत होती! इतकं माझं कळत होतं, तर माझ्यासोबत राहायला काय झालं होतं? पिवळ्या टोपीची माफी मागितली. नीट जमलं नाही, पण मागितली.

३१ मार्च, मंगळवार

आज ताबा घेतला. सही केली. होऊन जाईलने किल्ल्यांचा जुडगा दिला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." संध्याकाळ होऊन गेली, पाणी नाही.

ताई आली होती. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आली. सगळ्या खोल्या बघितल्या, माझ्या पलंगाची जागा बघितली, बाल्कनीतून खाली बघितलं. स्वयंपाकघरात गेली आणि एकेक कपाट उघडून, बंद करून पाहिलं, एखादं पुस्तक बांधून झाल्यावर पानं चाळून बघावीत तसं. वरच्या कप्प्यांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. ती म्हणाली, "वरचं तू बघ." मी वरचं बघितलं. ठीक होतं.

भांडी अजून खोक्यात होती, पाणी नव्हतं, त्यामुळे चहाही नाही. दोघी खिडकीखालच्या ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मी खूप काही ठरवलं होतं बोलायचं. सगळं पाठ केलं होतं. तिने विचारलं असतं, 'अजून रागावलीस का,' तर मी सांगितलं असतं, हो, रागावले आहे, आणि हा राग मी जन्मभर सांभाळणार आहे. पण तिने ते विचारलंच नाही. बाहेर जायला निघाली, चपला घातल्या आणि दारात वळून म्हणाली, "छकुले, रविवारी येऊ का गं तुझ्याकडे?"

या घरात येण्यासाठी तिने मला विचारलं. माझ्या ताईने.

मी म्हटलं, "ये. पण आधी सांगून ये."

तिच्या चेहऱ्यावरून कळलं की जिथे लागायचं तिथे लागलं. ती म्हणाली, "सांगून येईन." मग जिना उतरून गेली, एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून. मी दार लावलं नाही. तिची पावलं खाली पोचेपर्यंत दारातच उभी होते, आणि तोवर मला एकदाही वाटलं नाही की मी चुकीचं बोलले.